जेवणापर्यंत संस्कृत

माझी भीती आधी उलटी होती. लेक पाच वर्षांची झाली आणि मला धास्तीच बसली की आत्ता संस्कृत सुरू केलं नाही तर जिभेचं वय निघून जाणार. तिला शाळेत घातलं नव्हतं, आम्ही घरीच शिकवत होतो. म्हणजे काही राहून गेलं तर खापर आमच्याच डोक्यावर. नवऱ्याचं संस्कृत चांगलं, माझंही कामापुरतं. दोघांनी मिळून नेम केला, सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत घरात फक्त संस्कृत. तिनं मराठीत काही मागितलं तर ऐकूच आलं नाही असं करायचं.

सासूबाई नेसरीहून राहायला आल्या होत्या. त्यांना हे बघवेना. "पोरीला आदी आपलं तरी धड बोलू दे की! संस्कृत काय पळून चाललंय व्हय?"

मी हसण्यावारी नेलं. पोरगी भलतीच चुणचुणीत निघाली होती. पाणी मागताना "जलम्" म्हणायची, चिंचोके मांडून "एकम्, द्वे, त्रीणि" मोजायची. शेजारणी कौतुक करायच्या आणि मी अशी फुगायचे, काही विचारू नका.

त्या दिवशी नवरा कामावर गेला होता, सासूबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होते. बाहेरच्या खोलीत लेक चिंचोके मोजत बसलेली आणि तिच्या आसपास तिचा दहा महिन्यांचा भाऊ रांगत होता.

लेक दारात येऊन उभी राहिली. ओठ हलत होते, पण आवाज नाही.

"वद, वद," मी म्हटलं. बोल, बोल.

"भ्राता..."

"साधु!" मी शाबासकी दिली. "भ्राता किं करोति?" काय करतोय भाऊ?

तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला. "कण्ठः." पुन्हा थांबली. डोळे डबडबले होते. मला वाटलं, शब्द सापडत नाही म्हणून रडकुंडीला आलीय. आपणच सांगितला तर शिकणार कशी? थांबू जरा. मी भाकरी उलटली. अगं बाई, मी भाकरी उलटली!

मग जाणवलं की बाळाचा काहीच आवाज येत नाहीये.

धावले. पोरगं निळं पडलेलं, तोंड उघडं. पिठाच्या हातांनी त्याला उचललं, डोकं खाली करून मांडीवर पालथं घेतलं आणि पाठीत थापट्या मारत सुटले. अगं अंबाबाई, माझं लेकरू, माझं लेकरू, असं काहीबाही ओरडत होते. चिंचोका फरशीवर पडला. आणि तो रडला. तेव्हा कुठे मला श्वास आला.

दवाखान्यात दाखवून आणलं, सगळं ठीक होतं. संध्याकाळ झाली तरी सासूबाईंनी नातवाला छातीशी धरलं होतं, खाली ठेवायला तयार नव्हत्या. लेक दाराला चिकटून उभी होती.

"आगं पोरी," त्यांनी तिला विचारलं, "वरडली का न्हाईस? हाक तरी मारायची आईला!"

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. जेवणाची वेळ कधीच टळली होती, तरी मराठीत बोलू का, असं विचारत होती. मी मान हलवली.

"मला 'गळा' येत होतं," ती म्हणाली, "'अडकलं' येत नव्हतं."