अक्कांच्या भावाचा मध

समस्त सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या वर्षी बेंगळुरूच्या जे. पी. नगरात आनेकलच्या मधमाश्यांवर लबाडीचा जाहीर आरोप झाला. आरोपी हजर नव्हत्या. त्यांच्या वतीने कुणी वकील उभा राहिला नाही. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश ही तिन्ही कामं एकाच इसमाने पार पाडली, आणि तो इसम मी.

मी एका अन्न-तपासणी प्रयोगशाळेत काम करतो. माझ्या ताब्यातल्या यंत्रांपैकी माझं सर्वांत लाडकं म्हणजे आम्ल मोजणारं. मध पाण्यात विरघळवायचा, पेला यंत्राखाली ठेवायचा, बटण दाबायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. पेल्यात भोवरा फिरतो, काचेची कांडी आत उतरते, कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब थेंब पडतं आणि पडद्यावर एक रेघ चढत जाते. मधातलं आम्ल संपलं की यंत्र आपणहून थांबतं आणि आकडा सांगतं. पूर्वी हेच काम हाताने करताना रंग गुलाबी झाला की नाही यावर आमची भांडणं व्हायची. आता भांडायला कुणी उरलं नाही. पाहुणे आले की मी हा खेळ लावतो आणि पडदा उघडल्यासारखा बाजूला सरकतो.

थोडा आंबटपणा प्रत्येक मधात असतोच. तो नियमाच्या वर गेला, की मध आंबू लागला किंवा त्यात काहीतरी मिसळलं असं समजायचं.

आमच्या वरच्या मजल्यावर अक्का राहतात. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे मराठीत कानडी इतकं मुरलेलं की शिवण दिसत नाही. त्यांचा धाकटा भाऊ शहराबाहेर आनेकलला मधमाश्या पाळतो. हा भाऊ बोलका, आधी दोन धंदे करून बुडालेला, आणि सगळे नातेवाईक त्याला थापाड्या म्हणतात. अक्का तेवढ्या त्याच्या बाजूच्या. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याचा मध ठेवायची तयारी दाखवली, पण एका अटीवर: लॅबवाल्या सरांनी हो म्हणायला हवं.

अक्का सीलबंद बाटली घेऊन खाली आल्या. "साहेब, स्वल्प बघा की तुमच्या मशीनमध्ये घालून. माझी खात्री आहे हो. पण माझ्या खात्रीला कोण विचारतो?"

"अक्का, उद्या यंत्रच बोलेल!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

आता इथे ऐका. ती बाटली सुंदर होती. उजेडात धरली तर जुन्या सोन्यासारखी. पेल्यात पडणार जेमतेम चमचा-दोन चमचे, आणि त्यासाठी सील फोडायचं? अक्कांनीच उन्हाळ्यात दिलेली त्याच भावाच्या मधाची बरणी आमच्या ओट्यावर होती, तळाला थोडा मध शिल्लक. भाऊ तोच, पेट्या त्याच, माश्याही बहुधा त्याच. मी बरणीतला मध डबीत घेतला आणि सीलबंद बाटली नाचणीच्या पिठाच्या डब्यामागे सरकवली. एरवी शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणात 'नमुना कसा घ्यावा' या विषयावर मीच तासभर व्याख्यान देतो. हशा आणि टाळ्यांसह.

दुसऱ्या दिवशी यंत्राने तीन पेल्यांचे तीन आकडे दिले. तिन्ही सख्ख्या भावंडांसारखे, आणि तिन्ही नियमाच्या बरेच वर.

हळू आवाजात सांगता आलं असतं. पण संध्याकाळी दुकानात अक्का उभ्या, दुकानदार उभा, दूध घ्यायला आलेली चार माणसंही उभी. एवढा भरलेला प्रयोग मी कसा सोडणार? मी एक बोट वर केलं, पुरेसा थांबलो आणि म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही. मध नापास!"

दुकानदाराने "सरी सार", म्हणजे ठीक आहे सर, म्हणत भावाने आधीच पाठवलेलं मधाचं खोकं काउंटरखालून उचललं आणि अक्कांसमोर ठेवलं. अक्कांनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "माझ्यापाशी पण खोटं बोलला," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या डबा घेऊन आमच्या दारात. आत गरम ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळीच. "साहेब, तुम्हाला उगाच मध्ये घातलं मी. चार लोकांत तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागला. मनात नका ठेवू."

"आणि भाऊ?" मी विचारलं.

"त्याला फोनवर म्हटलं, शपथ घे. त्याने घेतली. मी म्हटलं, मशीन शपथ घेत नाही रे. तेव्हापासून तो फोन उचलत नाही."

माझंच वाक्य त्यांनी आनेकलपर्यंत पोचवलं होतं. तरी मला तेव्हा वाईट वाटलं ते फक्त अक्कांसाठी. ओबट्टू मात्र मी तूप घालून खाल्ले.

डबा रिकामा कसा परत करायचा म्हणून बायको नाचणीचे लाडू करायला बसली. पिठाचा डबा ओढला आणि ओरडली, "अहो, ही मधाची बाटली कुठली? हिचं तर सीलसुद्धा तसंच आहे!"

मी सांगितलं. बायको बँकेत ऑडिट बघते. तिला सांगताना घाम येतो.

"मग मशीनमध्ये काय घातलंत?"

"ओट्यावरच्या बरणीतला. त्याच भावाचा आहे."

"ती बरणी?" तिने कढईखालचा गॅस बंद केला. "रोज सकाळी कोमट पाण्यात अर्धं लिंबू पिळता, चमच्याने ढवळता आणि तोच ओला चमचा त्या बरणीत घालता. कितीदा ओरडले मी! तुम्ही मधाची तपासणी केलीत की लिंबाच्या सरबताची?"

  यंत्राने अगदी खरं सांगितलं होतं: या मधात आम्ल फार आहे. ते आम्ल कुणाचं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि मी बोट वर करून उभा होतो, अक्कांच्या तोंडावर, चार गिऱ्हाइकांसमोर.

सोमवारी सकाळी सर्वांच्या आधी लॅबमध्ये गेलो. सील फोडलं. ते फोडताना मला जे वाटलं त्याला शास्त्रात एकक नाही. पेल्यात भोवरा फिरला, रेघ चढली आणि यंत्र इतक्या लवकर थांबलं की मला वाटलं बिघडलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. आकडा नियमाच्या आत, अगदी ऐसपैस आत. त्या दिवशी लॅबमध्ये पाहुणे आले होते. खेळ दुसऱ्या कुणाला लावायला सांगितला.

संध्याकाळी आधी दुकानात गेलो आणि मागच्या खेपेसारखीच माणसं जमेपर्यंत थांबून सगळं सांगितलं. दुकानदार हसला आणि खोकं परत पाठवा म्हणाला. मग अक्कांच्या दारात. जिन्यात मी भाषणाची तालीम केली होती. सुरुवातीला विज्ञानाची विनम्रता, मध्ये क्षमायाचना, शेवटी एक हलका विनोद. अक्कांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अक्का, मध चांगला आहे. लिंबू माझं होतं."

त्यांना काही कळेना. मग तुकड्या-तुकड्यांत सगळं सांगितलं, चमचा आणि पिठाच्या डब्यासकट.

"म्हणजे मी दिलेली बाटली तुम्ही लपवली?"

"हो."

"खायला?"

"हो."

"आणि मी माझ्या भावाला..." त्यांनी लगेच मोबाइल उचलला. रिंग वाजत राहिली, कुणी घेतला नाही. पुन्हा लावला. त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं, फक्त तिकडून कुणीतरी बोलावं. शेवटी पलीकडून भावाचा कोरडा आवाज आला, "काय आहे?"

अक्कांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अरे, तू खरंच बोलत होतास रे! चोर आमच्या खालच्या मजल्यावर राहतो!"