बाबांचा निरोप

मी डॉक्टर आहे. वडिलांनी आयुष्यभर अकोल्यात कंपाउंडरी केली. आमच्या घरात भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्याला आधी थर्मामीटर लावत. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय...

दोन वर्षांपूर्वी मी एका प्रयोगात भाग घेतला. भातकुलीजवळ, अमरावतीपासून अर्ध्या तासावर, एका बंद इमारतीत तिघांनी सहा महिने राहायचं — जणू मंगळाकडे निघालोय. मी, इंजिनिअर फैजल आणि निवेदिता. फोन नाही. घरचे निरोप बाहेरच्या कंट्रोल रूममार्फत, वीस मिनिटं उशिरा, स्पीकरवर ऐकू यायचे. आत जाण्याआधी एक फॉर्म भरला होता : घरी कोणी आजारी पडलं किंवा वारलं तर प्रयोग संपेपर्यंत कळवू नये. मी सही केली. खुशीनं केली.

चौथ्या महिन्यात, सकाळी अकराला, आत येताना दिलेलं एक सीलबंद पाकीट उघडायचा आदेश आला. ‘फैजलचा मृत्यू.’ सराव होता. लांबच्या प्रवासात माणूस गेला तर परत आणता येत नाही. मृत्यूची खात्री करायची, पिशवीत बांधायचं, थंड कप्प्यात ठेवायचं. फैजल हसत आडवा झाला. पिशवी, कागद जमवायला आम्हाला तासभर लागला. मी नाडी पाहिल्यासारखं केलं, वेळ लिहिली. निवेदितानं पिशवीची चेन वर ओढत आणली. मी ती हनुवटीपर्यंत घेतली...

आणि स्पीकरवर बाबा बोलले.

"तायडे, थांब. त्याचं तोंड झाकू नको. नाडी पाह्य पुन्हा, खरी खरी."

निवेदिता दचकली. "कोण बोललं?"

मी फैजलच्या मानेला हात लावला. ओठ निळे पडले होते. हलायला नको म्हणून या शहाण्यानं झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि उलटी घशात अडकली होती. कुशीवर वळवला, घसा साफ केला, पाठीत थापा मारल्या. मिनिटभरानं तो खोकला.

त्या दिवशी मी बाबांना निरोप पाठवला — 'तुम्ही वाचवलंत.' कंट्रोलचं उत्तर आलं : 'वडील विश्रांती घेत आहेत.'

दोन महिन्यांनी दार उघडलं. बाहेर प्रयोगाचे प्रमुख हार घेऊन उभे होते. हार गळ्यात घातल्यावर त्यांनी सांगितलं. बाबा गेले होते — सरावाच्या तीन दिवस आधी. मी गाडीनं दोन तासांवर असताना. "सही तुमचीच आहे, मॅडम," ते म्हणाले. खरंच होती.

मी कंट्रोलची नोंदवही मागितली. त्या सकाळी एकही निरोप आलेला नव्हता. स्पीकर तपासला, रेकॉर्डिंग तपासलं... माझा आणि निवेदिताचा आवाज आहे. तिच्या "कोण बोललं?"च्या आधी नुसती शांतता.

अकोल्याला गेले. दादानं दार उघडलं, पाणी दिलं, आत निघून गेला. संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, त्याला बरं वाटेल.

तो म्हणाला, "मी चार महिने त्यायच्या उशाशी होतो. हगणं-मुतणं काढलं. शेवटी त्यायनं मले ओळखलं बी नाही. अन् तुयाशी येऊन बोलले?"

आजतागायत मला त्या आवाजाचा उलगडा झालेला नाही. दादाला उलगडा नकोच आहे. दिवाळीला मी फोन केला होता. वहिनीनं उचलला, म्हणाली, ते घरात नाहीत. मागे दादाचा खोकला ऐकू येत होता.