बूट नसलेल्यास आगीवर पाठवू नये

त्या समितीच्या कामात मला घेतलं ते केवळ मला मराठी येतं म्हणून. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन दिल्लीला आले होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मावशीकडे राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. मावशीच्या यजमानांना मी काका म्हणायचे. ते एका मंत्रालयात होते आणि कुठल्या खोलीत काय चाललंय हे त्यांना त्या खोलीतल्यांच्या आधी कळायचं.

जंगलातल्या वणव्यांशी लढायचे नियम सगळीकडे एकसारखे करायचे, असं ठरलं होतं. वणवा लागला की वनखातं, अग्निशमन दल आणि लष्कर आपापल्या रीतीने धावत. आता तिघांच्या समितीने मिळून एक पुस्तिका करायची होती. प्रशिक्षण कसं द्यायचं, हुकूम कोणी द्यायचा, जीव कसा सांभाळायचा, सगळं त्यात येणार होतं. मग तिची राज्याराज्यांच्या भाषांत भाषांतरं. मराठीसाठी तात्पुरतं माणूस हवं होतं. काकांनी माझं नाव सुचवलं आणि घरी येऊन बजावलं, "फक्त ट्रान्सलेशन करायचं. सूचना करायच्या नाहीत. बिल्कुल नाही."

पण मला एक सूचना करायची होती. माझे वडील गावाजवळच्या जंगलात उन्हाळ्याचे चार महिने फायर वॉचर म्हणून कामावर असत. वणवा दिसला की टेकडीवरून ओरडायचं, ओल्या डहाळ्या तोडायच्या आणि आग झोडपत पुढे जायचं. हे ते रबरी चपला घालून करत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांचे तळपाय असे चकचकीत, रेषा नसलेले असतात. दिल्लीत त्या पुस्तिकेचा मसुदा हातात पडला तेव्हा मी आधी बुटांचं पान शोधलं. ते होतं, चित्रासकट. पण बूट 'नियमित कर्मचाऱ्यांसाठी' होते. हंगामी माणसाचं नाव पुस्तिकेत कुठेच नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की त्याच्याही पायांत बूट यावेत.

बैठकांत मी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसून टिपणं घ्यायचे. पहिल्या तीन बैठका शिट्टीवर गेल्या. वनखात्याच्या रीतीप्रमाणे एक लांब शिट्टी म्हणजे इकडे या. अग्निशमन दलात तिचा अर्थ मागे हटा. लष्कराच्या साहेबांनी सांगितलं, त्यांच्याकडे ती शिट्टी झाली की माणूस आहे तिथेच थांबतो. आपली रीत जुनी आहे, असं प्रत्येकाने पुराव्यानिशी सांगितलं. चहा दोनदा आला. शेवटी ठरलं, की सर्वमान्य शिट्टी निश्चित होईपर्यंत प्रत्येकाने प्रचलित पद्धत चालू ठेवावी. ही ओळ मी मराठीत आणली तेव्हा ती मला फार छान जमली, असं मनापासून वाटलं होतं.

मग प्रात्यक्षिक ठरलं. दिल्लीत जंगल कुठलं आणायचं? शहराच्या टोकाला, द्वारका वसाहतीत, तेव्हा सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या मधले प्लॉट माणसाच्या उंचीच्या वाळक्या गवताने भरलेले होते. कडेला मोठमोठे बोर्ड होते. पोहण्याचा तलाव, हसरं कुटुंब, बुकिंग चालू. एका बोर्डाच्या सावलीत साहेबांसाठी खुर्च्या मांडल्या. अध्यक्ष निवृत्त वनाधिकारी होते, मवाळ स्वभावाचे, सगळ्यांना बेटा म्हणणारे. त्यांनी खूण केली आणि आग लावायला दोघे पुढे गेले.

गवत पेटेना. अग्निशमन दलाने सुरक्षिततेचा उपाय म्हणून सकाळीच ते भिजवून ठेवलं होतं.

"कोणी सांगितलं होतं भिजवायला?" अध्यक्षांनी विचारलं.

"सर, पान अकरा," दलाचे अधिकारी म्हणाले. "सरावाच्या जागी आधी धोका कमी करावा."

धोका पूर्ण कमी झाला होता. शेवटी एका ठेकेदाराकडून रॉकेल मागवलं. ते ओतल्यावर आग भसकन उठली, वाऱ्याने कलली आणि रस्ता ओलांडून शेजारच्या प्लॉटवर गेली. तो प्लॉट कोणीच भिजवलेला नव्हता. वनखात्याच्या माणसाने घाबरून एक लांब शिट्टी मारली. त्याबरोबर वनखात्याचे लोक त्याच्याकडे धावले, अग्निशमनवाले मागे हटले आणि जवान जागच्या जागी थांबले. प्रत्येकजण अगदी बरोबर वागला.

आग विझवली ती समोरच्या अर्धवट इमारतीवरच्या मजुरांनी. ते ओली पोती आणि किकरच्या, म्हणजे बाभळीच्या, हिरव्या फांद्या घेऊन उतरले, न सांगता एका ओळीत उभे राहिले आणि झोडपत झोडपत पुढे सरकले. त्यांच्या झोपड्या त्याच बाजूला होत्या. विझल्यावर त्यांच्यातला एक माणूस विटांवर बसला आणि वितळून पायाला चिकटलेली चप्पल सोलून काढू लागला. चेहऱ्यावर काही नव्हतं. आंब्याची साल काढावी तसं चाललं होतं. मी पाणी घेऊन गेले, तर म्हणाला, "दीदी, साहब लोगों को दो. धूप में बैठे हैं."

पुढच्या बैठकीत अहवाल वाचला गेला. 'तिन्ही दलांच्या समन्वयाने आग अल्पावधीत आटोक्यात आली.' कोणी हरकत घेतली नाही. अध्यक्षांनी सवयीने विचारलं, "और कुछ जोड़ना है किसी को?" आणि मी शाळेत करतात तसा हात वर केला.

सगळे वळले. माझं हिंदी एरवी बरं होतं, त्या क्षणी मोडकंतोडकं झालं.

"आग मजुरांनी विझवली, सर," मी म्हणाले. "चपला घालून."

"बोलो बेटा, डरो मत."

"जो कोणी आगीवर जातो, तो हंगामी असला तरी, त्याच्या पायांत बूट हवेत. अंगात सुती कपडे हवेत. एवढंच."

मला वाटलं, आता विचारतील तू कोण. पण अध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे वाक्य सांगितलं: बूट व सुती गणवेश नसलेल्या कोणाही व्यक्तीस, मग ती नियमित असो वा हंगामी, आगीवर पाठवू नये. तिन्ही खात्यांनी माना डोलावल्या. शिट्टीला तीन बैठका आणि याला दोन मिनिटं. लष्कराचे साहेब तर जाताना "शाबास" म्हणाले.

घरी काकांना सांगितलं. ते बराच वेळ वरणात भात कालवत राहिले. "लगेच मान्य केलं?"

"हो. एकमताने."

"अच्छा," काका म्हणाले आणि मावशीकडे लोणचं मागितलं.

मला तो 'अच्छा' कोरडा वाटला. आपल्या भाचीने सूचना केली म्हणून रागावले असतील, असं मी धरून चालले. त्या वाक्याचं मराठी मी चार वेळा केलं. 'पाठवू नये' की 'पाठवता कामा नये', यावर एक दुपार घालवली. बूट कोणी द्यायचे हे वाक्यात कुठेच नाही, हे चारही वेळा माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावी गेले, तर बाबा भर दुपारी ओट्यावर बसून दोरी वळत होते.

"कामावर नाही गेलात?"

"औंदा वॉचर घेतलेच नाहीत," ते म्हणाले. "दिल्लीचं पुस्तक आलंय. बूट नसलेल्याला घ्यायचं नाही. रेंजर साहेब म्हणाले, बूट आले की बोलावतो."

"कधी येणार?"

"त्यांनाच ठाऊक नाही. भला माणूस आहे, पण नोकरीचा प्रश्न आहे त्याच्या." त्यांनी आत जाऊन पुस्तिका आणली. रेंजरकडून मागून घेतली होती. "वाच बरं मला ते."

मी वाचलं. माझंच मराठी.

"चांगलं लिवलंय," बाबा म्हणाले. "खरंच आहे की. पाय लई भाजतात. कोणीतरी जाणता माणूस असणार."

"मी लिहिलंय, बाबा."

ते हसले. त्यांना वाटलं, मी भाषांतराबद्दल बोलतेय. मग मी सगळं सांगितलं, बैठक, वर केलेला हात, दोन मिनिटांत झालेलं एकमत. त्यांच्या हातातली दोरी थांबली. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी विचारलं, "एवढ्या साहेबांसमोर बोललीस?"

"हो."

"उभी राहून?"

"बसूनच. हात वर करून."

ते पुन्हा दोरी वळू लागले. "मग बूट कोण देणार, तेही तेव्हाच विचारायचंस," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. एखाद्या कामाची एक पायरी राहिली की सांगतात, तसं सांगितलं.

चौथ्या दिवशी टेकडीवर धूर दिसला. ओरडायला वर कोणी नव्हतं, त्यामुळे तो दिसला तेव्हा वणवा बराच पसरला होता. बाबांनी कोयता घेतला, चपला घातल्या. गल्लीतून आणखी चौघे निघाले. सगळे गेल्या सालापर्यंतचे वॉचर.

"बाबा, नियम आहे," मी म्हणाले. हे मी खरंच म्हणाले.

"नियम कामावरच्या माणसाला," बाबा म्हणाले. "मी कुठे कामावर आहे?"

मी आत जाऊन माझे दिल्लीचे बूट आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एकात पाय घालून पाहिला. अर्धाच गेला. त्यांनी तो काढून, आतली माती झटकून, नीट माझ्या हातात दिला आणि चालू लागले. मग ते बूट मीच घातले आणि त्यांच्या मागे निघाले.

"तू कुठे?" त्यांनी वळून विचारलं.

"मीही कामावर नाही," मी म्हणाले.

त्यांनी थोडा विचार केला आणि वाटेवरच्या पळसाची एक मोठी डहाळी तोडून माझ्याकडे दिली. "पुढे यायचं नाही. माझ्या मागे राहायचं, वाऱ्याच्या बाजूला," ते म्हणाले. "आणि शिट्टी-बिट्टी काही नसते. मी हाक मारीन."