युसूफभाईंचं शीड

मुरूडहून निघताना आईने विचारलं, "चंद्रपुरात समुद्र कधी आला?" तेच बघायला चालले आहे, असं मी म्हटलं. बँकेच्या ट्रेनिंगमध्ये भेटलेल्या मिलिंद मेश्रामने जेवणाच्या सुट्टीत सहज सांगितलं होतं, की आमच्या गावच्या तलावात शिडाच्या होड्यांची शर्यत होते. आम्ही खाडीकाठची माणसं. मला हसू आवरलं नाही. तो रागावला नाही, एवढंच म्हणाला की येऊन पाहा. त्या हसण्याची शिक्षा म्हणून रात्रभराची आगगाडी, मग नागपूरहून चिमूरची एसटी आणि पुढे टमटम. टमटममध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती आणि ती माझ्यापेक्षा शांत होती.

तलाव म्हणजे डबकं असणार, अशी माझी समजूत. पाळ (तलावाचा मातीचा बांध) चढून वर आले आणि तोंड मिटलं. समोर नजर पुरणार नाही एवढं पाणी, डावीकडे काठाशी शिंगाड्याचे वेल, पार पलीकडे मोहाची झाडं. धान कापून झालेल्या बांध्यांमधून (भातखाचरांमधून) वाळल्या तणसाचा (पेंढ्याचा) वास येत होता.

क्लब म्हणजे पाळेवर एक पत्र्याची शेड. सभासद तीन, होड्या तीन. एक मिलिंद. दुसऱ्या भागीरथाबाई, ढिवर (मासेमार) घरातल्या. पाण्यातलं सगळं बाकीच्या दोघांना त्यांनीच शिकवलेलं. तिसरे युसूफभाई, एसटी स्टँडजवळचे टेलर. इथली होडी म्हणजे दोन डोंगे (कोरलेल्या खोडाच्या नावा) बांबूंनी शेजारी शेजारी बांधायचे, मधे डोलकाठी आणि तिच्यावर खताच्या पोत्यांचं शीड. तिन्ही शिडं युसूफभाईंनीच शिवलेली. त्यांच्या स्वतःच्या शिडावर तर 'युरिया' अशी अक्षरं फडकत होती. शीड वाऱ्यापुढेच चालतं, म्हणून शर्यत पाळेपासून पलीकडच्या मोहापर्यंत. परत यायचं ते वल्हवत.

आदल्या दिवशी डागडुजी होती. इथली रीत मला फार आवडली. आपली होडी आपण दुरुस्त करायची नाही, दुसऱ्याची करायची. आपली बुडाली तर आपण भिजतो, दुसऱ्याची बुडाली तर गावात तोंड दाखवता येत नाही, असा साधा हिशोब. त्यामुळे जो तो दुसऱ्याच्या डोंग्यावर जीव ओतत होता. मीही पदर खोचला. भेगांत चिंध्या ठोकायच्या, वरून वितळलेली राळ भरायची आणि शेवटी टोरीचं (मोहाच्या बियांचं) तेल चोळायचं. त्या तेलाचा वास हाताला असा चिकटतो, की दुपारी झिंग्यांचा रस्सा खाल्ला तोही टोरीचाच लागला. तरी दोनदा भात मागून घेतला.

राळ भरता भरता युसूफभाई बोलत होते. डोळे अधू झाल्यामुळे त्यांनी मशीन विकलं होतं आणि शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी ते नागपूरला मुलाकडे कायमचे जाणार होते. इतक्या वर्षांत ते एकदाही जिंकले नव्हते.

"ताई, एक डाव जिंकाचं आहे मले," ते म्हणाले. "आपल्याच शिडानं. मंग गेलो तरी चालते."

संध्याकाळी आम्ही चहाला बसलो असताना मिलिंद हळूच म्हणाला, की उद्या युसूफभाईंसाठी तो होडी जरा ढिली सोडणार आहे, पण कुणाला बोलायचं नाही, बाईंना तर मुळीच नाही. थोड्या वेळाने विहिरीवर भागीरथाबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचंही तेच, आणि मिलिंदला कळू द्यायचं नव्हतं. मी दोघांनाही मान डोलावली. गुपित पोटात ठेवायची मला खोड आहे. या वेळी ते ओठांवर आणलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा धरल्यावर शर्यत सुटली. मी युसूफभाईंच्या होडीत, हातात डालड्याचा डबा, काम पाणी उपसण्याचं. खाडीत शिडं हाकलेल्या बाईला इथे एवढीच बढती मिळाली. पण पोत्याचं ते शीड फुगलं, डोंगे पाणी कापायला लागले आणि खरं सांगते, मला लहानपणीसारखा आनंद झाला. युसूफभाई पुढे पाहत होते. अर्ध्या तलावात आम्ही कितीतरी आघाडीवर होतो. त्यांचा चेहरा उजळला होता. मग त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

मागे मिलिंद शिडाची दोरी सोडून त्याच दोरीवर खेकसत होता. भागीरथाबाईंनी वल्हं उलटं पाण्यात दाबून धरलं होतं. दोघं एकमेकांकडे चकित होऊन बघत होते, कारण मागे राहण्यात दोघांचीही चढाओढ लागली होती.

युसूफभाईंनी दोरी सोडली. शीड खाली आलं. मोहाची झाडं हाकेच्या अंतरावर होती. त्यांनी होडी फिरवली आणि वाऱ्याविरुद्ध वल्हवत त्या दोघांच्या मधे आणून उभी केली.

"हवा तं चालू आहे," ते म्हणाले. "मंग तुमी काऊन थांबून राह्यले?"

मिलिंदने मान खाली घातली. भागीरथाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी उद्या चालले ना."

"म्हणून काय मले पाहुणा केलं का? चला मांगं. पुन्हा लावू."

पाळेपर्यंत परत वल्हवताना आमचे खांदे भरून आले. मला स्वतःचाही राग येत होता.

दुसऱ्या वेळी मात्र कुणी कुणाचं नव्हतं. भागीरथाबाई अशा सुटल्या की क्षणात आमच्या पुढे गेल्या. मिलिंदही इरेला पेटला आणि शिंगाड्याच्या वेलात जाऊन बसला, या वेळी खरोखरीच. आम्ही बाईंना गाठलं, मागे पडलो, पुन्हा गाठलं. मी डबा टाकून वल्हं घेतलं तर युसूफभाई ओरडले, की शर्यत शिडाची आहे. मोहाखाली बाईंचे डोंगे आधी टेकले. हातभर पुढे असतील.

काठावर उतरून बाई आणि युसूफभाई धापा टाकत चिखलातच बसले. बाईंचे डोळे भरले होते.

"या वेळी सोडलं नाई, भाऊ," त्या म्हणाल्या.

"दिसलं ना मले," युसूफभाई म्हणाले आणि खदखदून हसले.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. सामान टपावर टाकलं होतं, पण ते युरियाचं शीड घडी करून त्यांनी मांडीवर घेतलं होतं. वाटेतलं भिसी गाव मागे पडलं. मग न राहवून मी म्हणाले, की तुम्ही जिंकायला हवं होतं, मला फार वाईट वाटलं.

त्यांनी शिडाची उसवलेली कड चाचपली.

"जिंकलो असतो तं वापस याचं काम काय होतं? आता पोराले सांगतो, पुढच्या साली मले जाच लागते. माही शर्यत बाकी आहे."

मग ते खिडकीला डोकं टेकून झोपले. शीड घसरू नये म्हणून मी एका हाताने धरून ठेवलं.

मुरूडला पोचले तेव्हा हाताला अजून टोरीचा वास होता. आईने विचारलं, "मग, होता का समुद्र?" नव्हता, मी म्हटलं, पण पुढच्या वर्षी पुन्हा जायचं आहे. युसूफभाईंच्या होडीतलं पाणी उपसायला माणूस लागतं.