टॅन्सीचं तोंड

विल्फ टेल्फर हा माझा शेजारी. आमच्या दोघांच्या घरांची भिंत एकच, त्यामुळे त्याच्या घरात कुणी शिंकलं तरी मला कळायचं. अर्थात त्या घरात आवाज असा फारसा नसायचाच. विल्फ मुलखाचा घुमा. बायको थर्झा एकटीच बोलायची आणि तो 'हं' म्हणायचा. नॉर्थम्बरलँडच्या आमच्या खोऱ्यात बोलघेवडी माणसं आधीच कमी, पण त्यांच्यातही हा पठ्ठ्या पहिला.

त्याचं काम एकच, जहागिरीच्या शिकारीसाठी कुत्री तयार करणं. मी हाकाऱ्यांतला. काठीनं झुडपं बडवत पाखरं उठवायची हे माझं काम. पुढे रांगेत बंदूकवाले उभे, आणि त्यांच्या मागे विल्फ आपली कुत्री घेऊन. पडलेलं पाखरू कुत्र्यानं शोधायचं, पिसालासुद्धा धक्का न लावता आणून हातात द्यायचं. विल्फनं आयुष्यात कधी कुत्र्यावर हात उगारला नाही. काठी हातात घेतली की आपली अक्कल संपली म्हणून समजावं, असं तो एकदा माझ्याशी बोलला होता. वर्षभरात बोललेलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य ते.

त्याची म्हातारी कुत्री गेली आणि काळी टॅन्सी तेवढी उरली. काय जनावर होतं ते! सरावासाठी सशाचं कातडं शिवलेली पिशवी कुठेही फेका, काट्यांत फेका, ओढ्यात फेका, ही बाण सुटल्यासारखी जायची आणि घेऊन यायची. विल्फ गालातल्या गालात हसायचा. यंदा बघाच, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

ऑक्टोबरात पहिली शिकार झाली. फेझंट, म्हणजे रानकोंबड्यासारखं पाखरू, त्याचा एक नर गवतात पडला. विल्फनं टॅन्सीला सोडलं. ती नेमकी त्याच्यापाशी पोचली आणि थांबली. त्याच्याभोवती फिरली, ओठ चाटले, मान वळवली आणि शेपटी पायांत घालून रिकाम्या तोंडानं परत आली. दुसऱ्या पाखराला तेच, तिसऱ्यालाही तेच.

"काय रे विल्फ," आमच्यातला एक जण म्हणाला, "कुत्री शाकाहारी दिसते तुझी."

सगळे हसले. विल्फ हसला नाही. जहागिरीचा मुख्य रखवालदार कूल्सन, तोही हसला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मग विल्फनं जंग जंग पछाडलं. गार पडलेलं पाखरू थर्झाच्या जुन्या मोज्यात घालून फेकलं. टॅन्सीनं झोकात आणलं. मोजा जरा मागे सारून चार पिसं उघडी ठेवली, तर तिनं ते तिथंच टाकलं आणि कुंपणाकडे तोंड करून बसली. पिशवीला नुसता पंख बांधला तरी तेच. पिसं म्हटली की पोरीचं अवसान गळायचं, आणि का, ते कुणाला कळेना.

नाताळ झाल्यावर कूल्सन स्वतः त्याच्या दारात आला. मी बाहेर लाकडं फोडत होतो.

"जानेवारीच्या अखेरीला शेवटची शिकार," कूल्सन म्हणाला. "तोवर हिनं एक पाखरू हातात आणून दिलं तर ठीक. नाहीतर शेडमागे नेऊन मी माझ्या हातानं संपवीन."

"घरात ठेवतो मी तिला," विल्फ म्हणाला. "माझ्या ताटातलं घालीन."

"कुत्री जहागिरीची आहे, तुझी नाही. आणि ज्या रानात मी पाखरं वाढवतो तिथं बिनकामाचं कुत्रं फिरवायचं नसतं, हे तुला मी सांगावं?"

माणूस वाईट नव्हता हो. त्याच्या आधीच्या रखवालदारानंही हेच केलं असतं, आणि त्याच्या आधीच्यानंही. पण त्या दिवशी मला त्याच्या पाठीत कुऱ्हाडीचा दांडा घालावासा वाटला, खोटं कशाला बोलू.

जानेवारी अर्धा सरला. लोक विल्फला सांगायचे, कान पिरगाळ, कळ गेली की तोंड उघडेल, तेवढ्यात पाखरू आत सरकव. जुनी रीत आहे, लागू पडते. विल्फ ऐकून घ्यायचा आणि निघून जायचा. पण एका सकाळी मी कुंपणापलीकडे पाहिलं, तर तो अंगणात गुडघ्यावर बसला होता. एका हातात मेलेली फेझंट, दुसऱ्या हातात टॅन्सीचा कान. त्यानं नुसता धरला होता, पिरगाळला नव्हता. टॅन्सी पाठीवर आडवी झाली आणि तिथल्या तिथं मुतली.

धुणं टाकून थर्झा बाहेर आली. कोपरापर्यंत साबण.

"सोड तिला, विल्फ. तिचा नाही दोष. माझा आहे."

विल्फनं कान सोडला.

"तू पाय मोडून दवाखान्यात पडला होतास ना, तेव्हा हिनं खालच्या मळ्यातली कोंबडी मारली," थर्झा म्हणाली. "पिल्लू होती रे. तो मळेवाला बंदूक घेऊन फाटकात उभा. मी त्याच्या हातापाया पडले. म्हटलं, खोड मोडते, पुन्हा नाही करणार. मग तीच कोंबडी बांधली हिच्या गळ्यात."

आता इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे हे सगळेच करतात. कुत्र्यानं कोंबडी मारली की ती मेलेली कोंबडी सुतळीनं त्याच्या गळ्यात बांधायची, आणि सडून गळून पडेपर्यंत सोडायची नाही. माझ्या बापानं आमच्या कुत्र्याला केलं होतं. खोऱ्यात कुणालाही यात वावगं वाटलं नसतं. फक्त ज्या कुत्रीला पुढं जन्मभर पाखरं उचलायची आहेत तिच्या गळ्यात ती बांधू नये, हे थर्झाला कोण सांगणार? ज्याला कळत होतं तो दवाखान्यात.

"वास सुटला तरी सोडली नाही मी," थर्झा सांगत होती. "ही कोळशाच्या ढिगामागं जाऊन पडायची. खायची नाही. तोंड लावलं त्या कोंबडीला की मी फटका द्यायची. तिचा जीव वाचवत होते रे मी. नाहीतर त्यानं गोळीच घातली असती."

विल्फ उठला. बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. टॅन्सीला घेऊन आत गेला आणि दार लावलं.

त्यानंतर त्यानं थर्झाशी बोलणं टाकलं. आधीच तो कितीसा बोलायचा म्हणा, पण 'हं' सुद्धा गेलं. दोघांचे निरोप माझ्यातर्फे. "त्याला सांग, चहा निवतोय." "तिला सांग, नको." मी काय टपालखातं उघडलं होतं? एकदा वैतागून म्हणालोही, "अरे, एका खोलीत बसता, मला कशाला मध्ये घालता?"

त्यावर विल्फ म्हणाला, "तिला सांग, उद्यापासून टॅन्सीला तीच घेईल. मार तिच्या हातचा खाल्लाय. माझ्यानं नाही निघायची ती भीती."

थर्झाला मी हे सांगितलं तेव्हा ती रडली. मग एप्रनला हात पुसले आणि मेलेली फेझंट मांडीवर घेऊन अंगणातल्या दगडावर जाऊन बसली. हुकूम नाही, शिट्टी नाही. थंडीनं काकडत रोज नुसती बसायची. टॅन्सी आधी लांबून बघायची. मग जवळ येऊन पिसांना नाक लावू लागली. एके दिवशी तिनं ती फेझंट उचलली आणि अंगणभर फिरवली. थर्झानं घ्यायला हात पुढे केला मात्र, टॅन्सीनं पाखरू टाकलं आणि जमिनीला चिकटली. त्याच्यापुढं गाडी गेलीच नाही, आणि शिकारीचा दिवस उजाडला.

गवत गोठून पांढरं झालं होतं. आमच्याकडे तेव्हा बायका शिकारीला यायच्या त्या चहाची किटली घेऊन. टॅन्सीचा पट्टा धरून रांगेमागे उभी राहिलेली थर्झा बघून कूल्सनच्या भुवया वर गेल्या.

"ही इथं कशाला?"

"कुत्री तिच्याबरोबर आहे," विल्फ म्हणाला.

"तुझी मर्जी. पण बोललो ते बोललो."

हाका संपता संपता एक नर उंचावरून गेला. बंदूक वाजली, पंख मोडला आणि तो ओढ्यापलीकडे पडून वाळल्या झाडोऱ्यात पळाला. जखमी, जिवंत, नख्यांचा. पहिल्या कामगिरीला याहून वाईट पाखरू मिळणं कठीण. कूल्सननं बाकीच्या कुत्र्यांना थांबवलं आणि थर्झाकडे बोट केलं.

"हिलाच सोडा."

टॅन्सी गेली. ओढा ओलांडला, माग काढला. झाडोरा हलला. पंखांची फडफड ऐकू आली आणि मग ती दिसली, नराच्या डोक्याशी उभी. तो भेलकांडत होता, ती बघत होती. उचलेना. आम्ही सगळे हाकारे काठ्या टेकून उभे. थर्झानं दोन्ही हात पुढे केले.

"थर्झा," विल्फ बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "हात खाली घे. पाठ कर तिच्याकडे. बस खाली."

ती वळली आणि त्या गोठलेल्या गवतात बसली. तिला आता मागचं काही दिसत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला तोंड कसं ठेवावं तेच कळेना.

टॅन्सीनं मान खाली घातली. मान वर आली तेव्हा नर तिच्या तोंडात होता. ओढ्यात उतरली, बाहेर आली. सावकाश, फारच सावकाश. थर्झाच्या खांद्यापाशी येऊन थबकली.

"घ्या की आता," कूल्सन म्हणाला.

"गप्प राहा तुम्ही," विल्फ म्हणाला.

कूल्सनला असं कुणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आणि तो खरंच गप्प राहिला.

थर्झानं पाखराला हात लावला नाही. टॅन्सीची छाती खाजवत राहिली, पुटपुटत राहिली, "चुकलं गं माझं, बाळा, चुकलं." टॅन्सी पुढे झाली, पाखरासकट डोकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि कितीतरी वेळानं तोंड उघडलं.

अजून एक भीती होती. घाबरलेलं कुत्रं पाखरू चावून धरतं, आणि तेही कूल्सनला चाललं नसतं. त्यानं नर उचलला, मान मोडून त्याचे हाल संपवले आणि बोटांनी बरगड्या चाचपल्या. एकीकडून, मग दुसरीकडून. विल्फनं टोपी काढून हातात धरली होती.

"शाबूत आहेत," कूल्सन म्हणाला. "राहू दे कुत्री."

दुपारी विल्फनं स्वतः तिला सोडून बघितलं. ती गेली, छान पाखरू उचललं, परत आली. तो हात पुढे करून खाली बसला होता. ती त्याला वळसा घालून गेली आणि पाखरू थर्झाच्या मांडीवर ठेवलं. पुढच्या हाक्यालाही तसंच, आणि पुढच्या वर्षीही तसंच. सगळं शिकवलं विल्फनं, पण त्याच्या हातात टॅन्सीनं जन्मात एक पाखरू दिलं नाही.

मग रांगेमागे थर्झा उभी राहू लागली आणि विल्फ तिच्या मागे, पाखरांचा झोळा घेऊन. लोकांनी थट्टा केली, थकले, सोडून दिली. कुणी पाहुणा बंदूकवाला विचारायचा, "नामी कुत्री आहे. कुणाची?"

"बायकोची," विल्फ म्हणायचा. ते म्हणताना त्याला लागायचं, मला दिसायचं ते. पण तो ते दर वेळी म्हणायचा, आणि थर्झाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा.