पुडी फोडली तेव्हा
मिरची कांडताना ठसका लागला की आमच्या बोथ गावातलं ते लाइव्ह आठवतं. बचत गटाची अध्यक्ष म्हणून मी फोनसमोर बसून आमचं तिखट विकत होते. तेवढ्यात एका बाईची कमेंट आली, "तुमच्या तिखटाले बुरशी हाये." फोन धरलेली मैत्रीण कुजबुजली, "बंद कर ना! काऊन बसून राह्यली?" मी कमेंट मोठ्यानं वाचली आणि सगळ्यांसमोर एक पुडी फोडली. आत खरंच बुरशी होती. "चूक आमची हाये. कोणी खाऊ नका, सगळं वापस घेतो," एवढंच कसंबसं बोलले. गट आता मोडणार, या धास्तीनं आठवडाभर जेवण गेलं नाही. पुढच्या लाइव्हला सगळ्यांत आधी तीच बाई आली, तिखट मागवायला. हल्ली गटातल्या नव्या बाया विचारतात, "भेव नाई वाटत का, ताई?" वाटतं, प्रत्येक कमेंट उघडताना वाटतं.