भाऊंची हरकत

भाऊंना रस्त्यात कुणी नमस्कार केला, की ते थांबत, समोरच्याला नीट न्याहाळत आणि विचारत, "कशाबद्दल?" नवखा माणूस गोंधळून जाई. आम्ही जुने लोक उत्तर तयार ठेवत असू, "काही नाही भाऊ, सहज." मग ते नमस्कार स्वीकारत, पण तोही 'तात्पुरता' म्हणून. नागपुरात आमच्या भागात त्यांना हरकतवाले भाऊ म्हणत. त्यांचं खरं नाव मतपत्रिकेवर छापलेलं असे, आणि तिथे ते फारसं कुणी शोधत नसे.

एकदा, फक्त एकदा, ते महानगरपालिकेवर निवडून आले होते. सभागृहात त्यांच्या पक्षाचे ते एकटेच. पक्षाची बैठक आपण आंघोळ करतानाही घेऊ शकतो, असं ते सांगत. "म्हणजे सगळे ठराव एकमतानं होत असतील," मी एकदा म्हणालो. "कुठले, मास्तर! दोनदा फूट पडली," ते गंभीरपणे म्हणाले. पुढच्या सगळ्या निवडणुका ते हरले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. दिवसा एका वकिलाकडे कारकुनी करायची आणि संध्याकाळी विरोधी पक्ष चालवायचा, असा त्यांचा संसार होता.

पक्षाचं मुखपत्र म्हणजे चौकातला काळा फळा. कचेरीत जाण्याआधी भाऊ त्यावर खडूनं चार ओळी लिहीत. मंत्री येणार म्हणून रस्त्यावर घाईघाईनं डांबर पडलं, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, "नागरिकांनी रस्ता आजच पाहून घ्यावा. मंत्र्यांबरोबर तोही परत जाणार आहे." सार्वजनिक नळाला फीत बांधून ती कापली गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, "नळाचे उद्घाटन थाटात झाले. पाण्याला निमंत्रण गेले नव्हते असे कळते." लोक सायकलवरून एक पाय टेकवून वाचत, हसत आणि मत मात्र दुसऱ्याला देत. याबद्दल भाऊंची तक्रार नव्हती. "हसून तर राहिले ना," ते म्हणत.

थोर पुरुषांच्या जयंत्यांना सरकार आहे, असं त्यांचं मत. ते स्वतः आमच्या वॉर्डातल्या मेलेल्या माणसांच्या पुण्यतिथ्या करत. पहाटे गिरणीच्या पाळीसाठी दारं ठोकत फिरणारा एक म्हातारा, रात्रशाळा चालवणारे एक गुरुजी, अशी ती माणसं. चौकात सतरंजी अंथरायची, फोटो असेल तर फोटो, नसेल तर नुसता उदबत्तीचा धूर. पाच-दहा डोकी जमत. नियम एकच होता, गेलेल्याचे दोषही सांगायचे. "नुसतं चांगलं सांगितलं का माणूस राहत नाही, मास्तर, कॅलेंडर होते."

या सगळ्यांत त्यांची आवडती म्हणजे तुळजाबाई सुईण. अर्धा वॉर्ड तिच्या हातावर जन्मला होता, भाऊ धरून. विणकरांची घरं, बौद्धांची वस्ती, आमची बाबू लोकांची चाळ, तिला कुठलंच दार वर्ज्य नव्हतं. पुण्यतिथीला भाऊ तिची नक्कल करत. कळा देणाऱ्या बाईला ती जोरात चापट मारायची. "लेकराच्या बापाले बोंबल, माह्या कानात काहून बोंबलून राहिली वं?" असं खेकसायची. तंबाखू खायची, शिव्या द्यायची, आणि मुलगी झाली म्हणून तोंड पाडणाऱ्या सासूला घराबाहेर काढायची. सतरंजीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. मग भाऊ आवाज खाली आणत. "पोट दुखलं तवा या बाईले पुढच्या दारानं नेत होते. बारशाच्या दिवशी तिचं पान मागच्या दारी." घरांची नावं ते घेत नसत. फक्त एकेका माणसाकडे बघत. माझ्याकडेही बघत, आमच्या आजोबांच्या वतीनं.

दर वर्षी शेवटी एक मागणी असे. वॉर्डात प्रसूतिगृह हवं, आणि त्याला तुळजाबाईचं नाव हवं. ही मागणी इतकी जुनी झाली की ती मान्य होईल, असं भाऊंनाही वाटेनासं झालं होतं. आणि मग निवडणूक जवळ आली. सत्ताधारी पक्षाचे आमचे नगरसेवक वसंतराव यांनी एक दिवस जाहीर केलं, प्रसूतिगृह होणार, नाव तुळजाबाईचंच, उद्घाटनही तिच्याच पुण्यतिथीला. त्या दिवशी फळा कोरा राहिला. मी विचारलं तर म्हणाले, "काय लिहू? विचार करून राहिलो. मान्य झाल्यावर काय लिहितात हे मले माहीत नाही."

उद्घाटनाला मोठा मांडव पडला. वसंतराव हुशार माणूस, त्यांनी भाऊंनाही दोन मिनिटं दिली. भाऊ धुतलेलं धोतर नेसून आले. मांडवाच्या मागे, जनरेटर धडधडत होता तिथे, तुळजाबाईची मुलगी कौसल्या त्यांची वाट बघत उभी होती. भाऊंच्या सतरंजीवर ती दर वर्षी पुढे बसत असे आणि आईच्या शिव्यांना सगळ्यांत जास्त हसत असे. तिच्या अंगावर वसंतरावांनी घातलेली शाल होती.

"भाऊ, आज ते नका सांगू गा."

"काय ते?"

"मायच्या शिव्या. अन् ते मागच्या दाराचं."

"काहून वं? खोटं आहे काय?"

"खरं आहे गा. पण मले इथं आया म्हणून ठेवून राहिले. अजून पक्कं नाही केलं. ती सारी घरं समोर बसली आहेत. वसंतराव म्हणे, भाऊ वाकडं बोलले तर मी काय करू बाई." तिनं शालीचं टोक मुठीत धरलं होतं. "तुमचं काय जाते, भाऊ? तुम्ही तर एकटे."

मी बाजूलाच होतो. या शेवटच्या वाक्यावर भाऊ काहीतरी खरमरीत बोलतील, असं मला वाटलं. ते फक्त म्हणाले, "हो, ते आहेच."

त्या दिवशी भाऊंनी केलेलं भाषण त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत यशस्वी भाषण होतं. तुळजाबाई म्हणजे या वस्तीची माउली, ते म्हणाले. तिच्या तोंडी सदैव साखर. तिनं कधी कुणाला दुखावलं नाही, आणि या वॉर्डातल्या प्रत्येक घरानं तिला आईसारखा मान दिला. आवाज खणखणीत, शब्द निवडक. मानाचं ते वाक्य आलं तेव्हा पुढच्या खुर्च्यांवरच्या मंडळींनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या, आणि त्या मागे पसरत गेल्या. वसंतरावांनी त्यांना मिठी मारली. कौसल्या रडत होती. टाळ्या कशा घ्यायच्या ते भाऊंना ठाऊक नव्हतं. ते हात तसेच लोंबते ठेवून उभे राहिले.

घरी येताना मी म्हणालो, "भाऊ, नोकरी पक्की होईल तिची." "व्हायलाच पाहिजे," ते म्हणाले. "एवढं खोटं कोणी फुकट बोलते काय?"

नोकरी पक्की झाली. इथे ही गोष्ट संपली असती तर मी तिला गोड म्हटलं असतं. पण पुढच्या वर्षी पुण्यतिथी आली. प्रसूतिगृहात सरकारी कार्यक्रम होताच, तरी भाऊंनी चौकात सतरंजी टाकली. कौसल्या ड्यूटीवर होती. मोजकी माणसं आली, त्यांत दोन-तीन नव्या सुना होत्या. त्यांनी तुळजाबाईला पाहिलेलं नव्हतं, गेल्या वर्षीचं भाषण मात्र ऐकलं होतं. भाऊंनी नक्कल सुरू केली. चापट, तंबाखू, शिवी. कुणी हसलं नाही. मागच्या दाराशी आले तेव्हा एक सून अगदी साधेपणानं म्हणाली, "पण भाऊजी, मागच्या साली तर तुम्हीच म्हणे, साऱ्या घरांनी मान देला."

"म्हटलं होतं."

"मग खरं कोणतं?"

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. सभागृहात भल्याभल्यांना खाली बसवणारे भाऊ तिच्याकडे बघत राहिले. हे खरं, ते खोटं, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग ते का म्हटलं, हेही सांगावं लागलं असतं, आणि कौसल्या तिथून चार घरं पलीकडे राहत होती. "बाई," ते शेवटी म्हणाले, "मले आता आठवत नाही." त्यांनी उदबत्ती विझवली. त्यानंतर त्यांनी कुणाचीच पुण्यतिथी केली नाही, फळ्यावरही काही लिहिलं नाही. फळ्यावर काही दिवस एक टॉकीजवाला सिनेमाच्या वेळा लिहीत होता. मग पावसानं त्याही गेल्या.

पुढे डोळे अधू झाले, वकिलानं काम बंद केलं, आणि भाऊ काटोलला भाचीकडे राहायला गेले. तिच्या घरामागे संत्र्याची बाग होती. मी अधूनमधून जात असे. घरातली माणसं त्यांना जपत, पण दिवसभर बागेत असत. भाऊ ओसरीवर बसलेले असत, आणि तिथे हरकत घ्यावी असं काहीच घडत नसे. एकदा तर मी नमस्कार केला आणि त्यांनी तो मुकाट्यानं घेतला. मला ते मुळीच आवडलं नाही.

मी शेवटचा गेलो तो तुळजाबाईच्या पुण्यतिथीनंतरच्या आठवड्यात. त्यांनी आधी पाऊसपाणी विचारलं, महानगरपालिकेत कोण महापौर झालं ते विचारलं. मग म्हणाले, "झाली काय?"

"झाली. मोठी झाली. रोषणाई होती."

"बोललं कोण?"

सांगावं की नाही, असं मनात आलं. पण या माणसाशी गोड बोलणं बरं दिसलं नसतं. "वसंतरावांनी स्मरणिका काढली आहे," मी म्हणालो. "तिच्यात तुमचं उद्घाटनाचं भाषण छापलंय. दर वर्षी तेच वाचतात आता. या वर्षी शाळेतल्या एका मुलीनं वाचलं. पाठ होतं तिला."

"टाळ्या?"

"खूप."

भाऊंनी तोंड बागेकडे वळवलं. बागेतून कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

"माह्यं नाव घेतलं काय खाली?"

"नाही. स्मरणिकेतही नाही. नुसतं भाषण आहे."

"बरं झालं," भाऊ म्हणाले. ते मनापासून म्हणाले. मग त्यांनी भाचीला हाक मारून चहा सांगितला. आत कुणी नव्हतं. नागपूरच्या बसला अजून अवकाश होता, म्हणून आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.